संवादावरून सिनेमा ओळखा: आवाज न काढता, सपाट वाचून

दुधनाकाठ, सेलू

मंडळी, राम राम.

दिवाळीत सगळी भावंडं गावी जमली होती. रात्री जेवणं आटोपली, अंगणात सतरंज्या टाकल्या, पण पोरं आपापल्या मोबाईलमध्ये. म्हणून मीच खेळ काढला. एकानं सिनेमातलं वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. पोरं पटापट ओळखायला लागली. थोड्या वेळानं ध्यानात आलं की ती वाक्य ओळखतच नव्हती, आवाज ओळखत होती. घसा खोल नेऊन 'मोगॅम्बो' म्हटलं की 'मिस्टर इंडिया'. तेच कुठलंही वाक्य मी बातम्या वाचल्यासारखं सपाट वाचलं की सगळे गप्प.

माझे वडील मात्र उलटे निघाले. त्यांना नक्कल लागतच नाही. 'कोन कुनाला म्हनायलंय, तेवढं सांग,' एवढंच विचारतात आणि सिनेमा सांगून मोकळे होतात.

याचं कारण मला नंतर उमगलं. वडिलांनी 'शोले' पाहायच्या आधी ऐकला होता. पॉलिडोर कंपनीनं 'शोले'च्या गाण्यांसारख्याच नुसत्या संवादांच्याही रेकॉर्डी काढल्या होत्या. १९७७च्या उन्हाळ्यात आमच्या गावात एका लग्नाला जिंतूरहून भोंगेवाला आला, त्याच्याकडं ती रेकॉर्ड होती. भोंगा लिंबाच्या शेंड्याला बांधलेला. हळदीपासून वरातीपर्यंत दोन दिवस तीच रेकॉर्ड. सांभाच्या 'पूरे पचास हज़ार'वर सुई अडकायची, 'पूरे पचास, पूरे पचास' सुरू व्हायचं, मग भोंगेवाला जेवणाच्या पंगतीतून उठून उष्ट्या हातानं, फक्त करंगळीनं, ती सुई पुढं ढकलायचा. वडील तेव्हा पंचविशीत. आखाड्यावर बैलाला वैरण टाकताना त्यांनी पूर्ण 'शोले' कानानं पाहिला. पडद्यावर पाहिला त्याला पुढं दोन वर्षं लागली, आणि तेव्हा गब्बर त्यांच्या मनातल्यापेक्षा बराच तरुण निघाला!

तर इथं तसाच खेळ खेळू. आवाज नाही, नटाचं नाव नाही, कागदावरचं कोरडं वाक्य. सिनेमा सांगा, आणि कोण कुणाला म्हणतं तेही सांगा. दुसरा भाग जमला तरच उत्तर पुरं. शोधयंत्राला विचारू नका. नाटकातलं, पुस्तकातलं वाक्य नको, सिनेमातलंच हवं.

ही माझी पहिली तीन:

'आपके पाँव देखे, बहुत हसीन हैं.'

'मारुती कांबळेचं काय झालं?'

'मुल्कों की तारीख़ बदल जाती है.'

आणि चौथं एक आहे, त्याचं उत्तर मलाच पाहिजे. माझी आजी एक वाक्य नेहमी म्हणायची: 'काट्याला सुकायचं भ्या नसतंय.' कुणी टोचून बोललं, कुणी कमी लेखलं की रागवायची नाही, एवढंच म्हणायची. आम्ही ती म्हण समजत होतो. दिवाळीत वडील पहिल्यांदा म्हणाले, 'माय म्हनायची, हे शिनेमातलं हाय म्हनून.' कोणता सिनेमा, ते त्यांनाही सांगता येईना. आजी जाऊन आता वीस वर्षं झाली. मराठी सिनेमा असेल, ग्रामीण असेल, एवढाच माझा अंदाज. कुणाच्या कानावरून गेलं असेल तर सांगा.

गोदाकाठ, नांदेड

पहिलं माझं! 'पाकीज़ा', १९७२, कमाल अमरोही. पण भाऊ, तुम्ही यात खुटी मारून ठेवली आहे. कोण कुणाला म्हणतं, तर कुणीच कुणाला म्हणत नाही. रेल्वेच्या डब्यात मीना कुमारी झोपलेली असते, राज कुमार चुकून त्या डब्यात येतो, तिचे पाय बघतो आणि चिठ्ठी लिहून पायाशी ठेवून निघून जातो. पुढचं वाक्य आहे, 'इन्हें ज़मीन पर मत उतारिएगा, मैले हो जाएँगे.' ती जागी होऊन वाचते तोवर माणूस गेलेला. म्हणजे हा संवाद नाही, चिठ्ठी आहे. बोलून दाखवला असता तर तो साधा आगाऊपणा ठरला असता. लिहून ठेवला आणि निघून गेला, म्हणून ती पुढं सगळा सिनेमा त्या चार ओळींवर जगते.

हे मला इतकं पाठ कसं? आमच्या लहानपणी मनमाड-काचीगुडा लाइन मीटरगेज होती. मामाच्या गावाला जाताना अजिंठा एक्स्प्रेसमध्ये रात्री सगळे झोपले की आई हळूच पायावरून शाल ओढून घ्यायची. एकदा विचारलं तर हसून हे वाक्य म्हणाली. मी आठ वर्षांचा होतो. सिनेमा वीस वर्षांनी पाहिला.

दुधनाकाठ, सेलू

वा गोदाकाठ भाऊ! पैकीच्या पैकी. शाल ओढणारी आई मनातून जाणार नाही.

बालाघाटची लेक, बीड

दुसरं सोडणार नाही मी. 'सामना', जब्बार पटेल, १९७५. लेखन विजय तेंडुलकरांचं. मास्तर विचारतात हिंदुरावाला. मास्तर म्हणजे श्रीराम लागू, गावात कुठूनसा आलेला, दारूनं खंगलेला माणूस. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, साखर कारखाना, सोसायटी, गाव, सगळं ज्याच्या मुठीत. निर्माते रामदास फुटाणे जामखेडचे, म्हणजे आमच्या बीडच्या शिवेवरचेच.

या वाक्यात किती साधे शब्द आहेत बघा. ना अलंकार, ना टाळीची जागा. एका माणसाचं नाव आणि 'काय झालं?' तरी ते पहिल्यांदा ऐकताना नुसती चौकशी वाटते, मधे कधीतरी भीती वाटायला लागते, आणि शेवटी तो आरोप होऊन बसतो. शब्द एकही बदलत नाही. हिंदुरावाचा चेहरा बदलतो. मला विचाराल तर मराठी सिनेमातलं सगळ्यात ताकदीचं वाक्य हेच.

आमच्या गावात ग्रामसभेत हे अजून चालतं. मंजूर झालेल्या विहिरीचे पैसे आले, विहीर दिसली नाही, तर पाठीमागून कुणीतरी म्हणतं, 'मारुती कांबळेचं काय झालं?' ज्या पोरांनी सिनेमा पाहिलेला नाही तीही म्हणतात, आणि कुणाला म्हणायचं ते त्यांना बरोबर कळतं.

जुना औरंगाबादकर, छत्रपती संभाजीनगर

तिसरं 'मुग़ल-ए-आज़म', १९६०, के. आसिफ. सलीमचं वाक्य, दिलीपकुमार. नशीब बदलतं, जमाना बदलतो, मुल्कांची तारीख बदलते, बादशहा बदलतात, पण मोहब्बत ज्याचा पदर धरते तो माणूस बदलत नाही, असं ते पुढं जातं.

पण मला यातल्या एका शब्दाबद्दल लिहायचंय. आमच्या वाड्यात दर उन्हाळ्यात गच्चीवर व्हिडिओ आणून हा सिनेमा लावायचे. आम्ही पोरं 'तारीख' म्हणजे कॅलेंडरवरची तारीख समजायचो. मुल्कों की तारीख बदलते म्हणजे काय, पंधरा ऑगस्टचा सोळा ऑगस्ट होतो? आजोबांनी व्हिडिओ थांबवायला लावला. म्हणाले, 'अरे, तारीख़ म्हणजे इतिहास. आम्ही शाळेत तारीख़ हा विषय शिकलो.' ते निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते मॅट्रिकच्या वर्गात होते. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, आणि घरी अभंग. पुण्या-मुंबईच्या माणसाला 'मुग़ल-ए-आज़म'ची भाषा दरबारी, परकी वाटते. आमच्या आजोबांना ती शाळेची वाटायची. पृथ्वीराज कपूर बोलायला लागले की ते आपोआप ताठ बसायचे.

म्हणून माझं म्हणणं असं, की मराठवाड्यातल्या त्या पिढीनं हे सिनेमे नुसते पाहिले नाहीत, वाचले. अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा, एहसान रिझवी असे चार लेखक या संवादांवर बसले होते. त्यांची एकेक ओळ आमच्या आजोबांना वेगळी काढून दाखवता यायची.

उलट 'दामिनी'तलं 'तारीख पे तारीख'. तिथं तारीख म्हणजे कोर्टाची तारीख, सनी देओल न्यायाधीशाला सुनावतो. १९९३. आजोबांनी तेही पाहिलं. म्हणाले, 'हीसुद्धा तारीख़च आहे, पण खालच्या कोर्टातली.'

किनवटचा पाव्हणा, किनवट

औरंगाबादकर काका, एकदम बरोबर बोललात. मी त्यात थोडी भर घालतो. तुमच्याकडं उर्दू शाळेतून आली, आमच्याकडं बाजारातून. किनवट म्हणजे तेलंगणाची शीवच. आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि या सगळ्यांना जोडणारी दखनी. 'नक्को', 'हौ', 'कैकू' हे आम्ही सिनेमात ऐकून शिकलो नाही, घरातून सिनेमात ऐकलं.

म्हणून माझं कोडं थोडं वेगळं आहे. यात वाक्य नाही, भाषा आहे. एक सिनेमा, १९७४चा. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या घरी काम करणारी बाई. माणसं मुंबईच्या सिनेमातली हिंदी बोलतच नाहीत, दखनी बोलतात. आणि शेवटच्या प्रसंगात एकही शब्द नाही. एक लहान पोरगा खिडकीवर दगड मारतो आणि पडदा लाल होतो. ओळखा.

बालाघाटची लेक, बीड

'अंकुर'. श्याम बेनेगल. शबाना आझमींचा पहिला सिनेमा. संवाद सत्यदेव दुबे यांचे.

किनवटचा पाव्हणा, किनवट

हौ ताई! मी तो कॉलेजात असताना नांदेडला पाहिला. माझ्या शेजारी बसलेला मित्र पुण्याचा, त्याला अर्धी वाक्यं कळत नव्हती आणि मला पहिल्यांदा असं झालं की सिनेमातली बाई आमच्या गल्लीतली वाटली. तोवर दखनी म्हणजे हसायची भाषा होती. 'गुमनाम'मध्ये मेहमूद हैदराबादी बोलायचे आणि थिएटर लोळायचं. मलाही ते आवडतात, मेहमूद मोठेच. पण त्याच भाषेत एक बाई भूक बोलते, शाप देते, हे 'अंकुर'नं दाखवलं. त्या दिवशी होस्टेलवर परत आल्यावर मी मित्रांशी मुद्दाम दखनीत बोललो.

आणि अजित! 'सारा शहर मुझे लॉयन के नाम से जानता है', 'कालीचरण', १९७६. हा माणूस मूळचा गोलकोंड्याचा. त्यांचा तो संथ, दाबून बोलायचा ढंग ऐकला की आमच्याकडच्या जुन्या देशमुखांची आठवण येते. सपाट वाचायचा नियम आहे म्हणून यावर अजून लिहीत नाही.

तेरणेचं पाणी, धाराशिव

एक सोपं टाकतो. 'कौन कम्बख़्त है जो बर्दाश्त करने के लिए पीता है.'

गोदाकाठ, नांदेड

'देवदास'. पण कोणता म्हणता? १९५५चा बिमल रॉय यांचा की २००२चा? वाक्य दोन्हीकडं आहे, थोडं इकडंतिकडं.

तेरणेचं पाणी, धाराशिव

मूळचा, दिलीपकुमारचा. संवाद राजिंदर सिंह बेदींचे. सपाट वाचल्यावर दोन देवदास वेगळे करता येत नाहीत, हे दाखवायलाच टाकलं होतं. इथं दुधनाकाठ भाऊंचा नियम अपुरा पडतो. काही वाक्यं नटाच्या श्वासात असतात. बेदींचं वाक्य मोठं आहेच, पण दिलीपकुमार ते जवळजवळ स्वतःशी पुटपुटतात, आणि त्या पुटपुटण्यातच तो माणूस संपलेला दिसतो.

दुधनाकाठ, सेलू

मान्य. पूर्ण मान्य. वडिलांनाही वाचून दाखवलं. त्यांनीही 'कोन कुनाला' विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, 'सोताला म्हनायलाय तो.'

पैठणचा पदर, पैठण

मी टाकू का? 'पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनाला घाण लागू नये म्हणून जप.' श्यामची आई श्यामला म्हणते. 'श्यामची आई', १९५३, आचार्य अत्रे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा. आईचं काम वनमालाबाईंचं.

तेरणेचं पाणी, धाराशिव

ताई, हे तर साने गुरुजींच्या पुस्तकातलं. नियमात बसत नाही.

पैठणचा पदर, पैठण

दादा, पुस्तक मी नंतर वाचलं. आमच्या शाळेत पडद्यावर दाखवला होता, पत्र्याच्या हॉलमध्ये, खिडक्यांना सतरंज्या लावून. माझ्यासाठी ते वनमालाबाईंचंच आहे. मी नऊवारी नेसलेली बाई कुठं पाहिली की मला अजून ते वाक्य ऐकू येतं.

दुधनाकाठ, सेलू

ताईंचं उत्तर धरलं. ज्यानं आधी पडद्यावर ऐकलं त्याच्यासाठी ते पडद्याचं. 'कुणी घर देता का घर?' मात्र मी धरणार नाही, ते शिरवाडकरांच्या रंगमंचाचं आहे आणि तिथंच राहू द्या. 'धनंजय माने इथेच राहतात का?' पण नको, ते महाराष्ट्रातल्या पाळण्यातल्या पोरालाही येतं. फक्त एक सांगतो, 'अशी ही बनवाबनवी'चे संवाद वसंत सबनीसांचे आहेत आणि कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मध्ये आहे. सबनीसांचं नाव कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

मांजरा, लातूर

मी इथं नेहमी वाचते, लिहीत नाही. आज एक वाक्य टाकते.

'इतना सन्नाटा क्यों है भाई?'

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. 'शोले'. पण भाऊंचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कोण कुणाला म्हणतं. आजकाल व्हॉट्सअॅपवर दोन तास कुणी बोललं नाही की हे वाक्य येतं, हसण्याचं चिन्ह लावून. मला ते बघवत नाही.

आंधळा म्हातारा इमाम म्हणतो ते. ए. के. हंगल. त्याचा एकुलता एक मुलगा अहमद शहराला नोकरीला निघालेला असतो. अहमदचं काम केलंय सचिन पिळगांवकरांनी, वर ज्या 'बनवाबनवी'चं नाव आलं त्याचे दिग्दर्शक तेच. गब्बरनं त्याला मारून प्रेत घोड्यावर घालून गावात पाठवलंय. सगळं गाव गोळा झालंय. कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हातारा काठी टेकत येतो, त्याला माणसांची चाहूल लागते पण आवाज नाही, म्हणून तो विचारतो. त्याच्या पायापासून दोन हातांवर त्याचा मुलगा पडलाय आणि ते गावाला दिसतंय, त्याला दिसत नाही. तो ज्यांना विचारतो त्यातल्या एकातही उत्तर द्यायची हिंमत नाही.

मी औसा तालुक्यातली. १९९३च्या गणपतीत आमच्या गावात मंडळानं टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला होता. चौकात खाटा टाकून सगळ्या गावानं 'शोले' पाहिला. या वाक्याला कुणी हसलं नव्हतं, बायकांनी पदर तोंडाला लावला होता. विसर्जन झालं त्याच रात्री, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. सकाळी उजाडल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझे चुलत आजोबा उभे होते. त्यांना मोतीबिंदू होता, फारसं दिसत नव्हतं. धूळ बसली होती, माणसं होती, पण कुणी बोलत नव्हतं. आजोबा विचारत होते, 'कामून रे, कुनी बोलंना कामून?' मी चौदा वर्षांची होते. मला काही सांगता आलं नाही.

म्हणून मला ते वाक्य ओळखायला आवाज लागत नाही.

दुधनाकाठ, सेलू

ताई, काय लिहू. तुमचं वाचून मोबाईल खाली ठेवला आणि बाहेर जाऊन आलो. आमच्या घरच्या ग्रुपवर हे वाक्य हसण्यावारी मीही टाकलंय. इथून पुढं नाही.

गोदाकाठ, नांदेड

मांजरा ताई, नमस्कार करतो तुम्हाला. त्याच प्रसंगात इमाम पुढं म्हणतो की बापाच्या खांद्यावर लेकाचा जनाजा, याहून मोठं ओझं दुनियेत नाही. आणि तरी तो गावाला झुकू नका म्हणतो. सलीम-जावेदचं सगळ्यात खोल लिखाण मला गब्बरच्या तोंडी नाही, या म्हाताऱ्याच्या तोंडी वाटतं.

बालाघाटची लेक, बीड

खरंय. आणि कालियाचंसुद्धा आठवा. 'सरदार, मैंने आपका नमक खाया है.' त्यावरही लोक हसतात. विजू खोटेंनी, आपल्या शुभा खोटेंच्या भावानं, त्या एका वाक्यात मरणाची भीती अशी ओतलीय की घोड्यावरचा दरोडेखोर आपल्याला क्षणात कुणाच्या तरी घरचा नोकर वाटायला लागतो.

जुना औरंगाबादकर, छत्रपती संभाजीनगर

मांजरा ताई, तुम्ही लिहीत जा.

धागा खाली जाऊ नये म्हणून एक लहानसं. 'जिनके अपने घर शीशे के हों, वो दूसरों पर पत्थर नहीं फेंका करते.' 'वक़्त', १९६५, राज कुमार चिनॉय सेठला म्हणतात. संवाद अख्तर-उल-ईमान यांचे, उर्दूतले मोठे कवी. या सिनेमांत कवी संवाद लिहायचे, हे विसरायला नको. आमच्या शहरातले बशर नवाज़ यांनी 'बाज़ार'साठी, १९८२च्या, गाणं लिहिलं, 'करोगे याद तो'. तो सिनेमाही हैदराबादचाच. शहागंजच्या चहाच्या टेबलावर बसलेल्या माणसाचे शब्द सगळ्या देशाच्या तोंडी गेले.

कंधारचे गुरुजी, कंधार

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त उर्दू शिक्षक आहे. नातवानं हा धागा वाचून दाखवला, तोच मी सांगतो तसं टाइप करतो आहे.

दुधनाकाठ बाळा, तुझ्या चौथ्या वाक्याला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. तू मराठी सिनेमात शोधतो आहेस. ते मराठी नाही. ते या धाग्यावर आधीच येऊन गेलेल्या सिनेमातलं आहे.

'मुग़ल-ए-आज़म'मध्ये कव्वालीचा मुकाबला आहे. एका बाजूला बहार, म्हणजे निगार सुलताना. दुसऱ्या बाजूला अनारकली, मधुबाला. शहजादा सलीम निवाडा करायला बसलेला. मुकाबला संपतो आणि तो फूल बहारला देतो, काटे अनारकलीला. सगळ्या दरबारासमोर. अनारकली ते काटे घेते आणि म्हणते, 'काँटों को मुरझाने का ख़ौफ़ नहीं होता.'

मुरझाना म्हणजे कोमेजणं. ख़ौफ़ म्हणजे भीती. तुझ्या आजीचं वाक्य घे आणि शब्दाला शब्द लाव. काट्याला, सुकायचं, भ्या, नसतंय. ज्या कुणी हे मराठीत आणलं त्यानं 'कोमेजणं' घेतलं नाही, 'सुकणं' घेतलं. 'भीती' घेतली नाही, 'भ्या' घेतलं. मी चाळीस वर्षं पोरांना तर्जुमा शिकवला. याहून नेटका तर्जुमा माझ्या वर्गात कुणी केला नाही. तुझ्या घरात उर्दू जाणणारं कोणी होतं का?

दुधनाकाठ, सेलू

गुरुजी, अंगावर काटा आला. आजोबा उर्दू शिकलेले होते! तहसीलात कारकून होते. आजीला अक्षरओळख नव्हती. मी आताच वडिलांना फोन लावतो, मग लिहितो.

किनवटचा पाव्हणा, किनवट

गुरुजी, सलाम. आम्ही सगळे त्याच सिनेमावर दहा प्रतिसाद लिहून बसलो आणि कुणाला दिसलं नाही.

जुना औरंगाबादकर, छत्रपती संभाजीनगर

मी तर तो सिनेमा पंचवीस वेळा पाहिलाय. मराठीत आल्यावर ओळखलाच नाही. गुरुजी, तुमच्या पायावर डोकं.

दुधनाकाठ, सेलू

बोलणं झालं. जसं झालं तसं लिहितो.

मी वडिलांना गुरुजींनी दिलेलं मूळ वाक्य सपाट वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'कोन कुनाला म्हनायलंय?' मी म्हटलं, 'मधुबाला शहजाद्याला. त्यानं फूल दुसरीला दिलंय आणि काटे हिला.'

बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. फोन कट झाला की काय वाटलं.

मग सांगायला लागले. त्यांना पुसटसं आठवतं, ते आठ-नऊ वर्षांचे असताना आजोबा आजीला घेऊन परभणीला सिनेमाला गेले होते. गाडीबैलानं सेलू स्टेशन, तिथून रेल्वे. वडिलांना शेजारच्या काकूंकडं ठेवलं होतं. आजी परत आल्यावर सगळ्या गल्लीला सांगत होती की सिनेमातली एक अक्षर भाषा कळली नाही, पण 'ह्यांनी' कानात सगळं सांगितलं. तिच्या आयुष्यात थिएटरमध्ये पाहिलेला तो एकच सिनेमा.

आणि त्यानंतर तीन-चार वर्षांनी भावाभावांची वाटणी झाली. विहिरीजवळचं काळं रान थोरल्या चुलत्यांना गेलं. आमच्या वाट्याला ओढ्याच्या पलीकडचं बरड आलं, बाभळी आणि दगड. पंच उठून गेल्यावर आजोबा ओट्यावर डोकं धरून बसले होते. वडील दाराच्या आत उभे होते. आजी आतून आली, आजोबांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, 'काट्याला सुकायचं भ्या नसतंय.' आजोबा तिच्याकडं बघतच राहिले आणि मग मोठ्यानं हसले. वडील म्हणाले, 'आमचा बाप त्या दिवशी का हसला, ते मला आज कळलं.'

मी विचारलं, 'तुम्ही तर टीव्हीवर पाहिलाय हा सिनेमा, तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?' म्हणाले, 'मधुबाला म्हनली आसंल. पर मी ते मायच्या तोंडून आधी ऐकलं ना.'

फोन ठेवताना म्हणाले, बरडात औंदा तूर चांगली उभी आहे, संक्रांतीला ये, हुरडा नाही पण तुरीच्या शेंगा उकडू. गुरुजी, तुम्हालाही आमंत्रण आहे. नातवाला घेऊन या.